कवळीकाकांचा लाल मानेचा बगळा

कवळीकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी पोस्टमनसुद्धा वाचत नाही. दात कोरून पोट भरत नाही ही म्हण ज्याने काढली, त्याची काकांशी गाठ पडली नसावी. एका दंतवैद्याच्या दवाखान्याखाली, तळघरातल्या खोलीत बसून त्यांनी अडतीस वर्षं लोकांचे दात केले आणि त्यावर घर चालवलं, मुलगी शिकवली. माझ्या वरच्या दोन दाढा त्यांच्याच हातच्या. त्या खोट्या आहेत हे आजवर कुणाला कळलेलं नाही. तुम्हाला आपलं सांगितलं.

त्यांची खुबी अशी की ते माणसाला हवे तेवढे पांढरे दात देत नसत. नवीन कवळी करायला आलेला माणूस हमखास पांढरेशुभ्र दात मागतो. काका सोळा छटांची पट्टी त्याच्या ओठाशी धरायचे आणि म्हणायचे, "साहेब, एवढे पांढरे दात देवानेही कुणाला दिलेले नाहीत." मग मुळाशी किंचित पिवळट झाक, एखादा सुळा केसभर तिरका, पुढच्या दातावर दिसेल न दिसेल अशी एक रेघ. माणूस आरशात बघून खट्टू व्हायचा आणि महिन्याभराने तळघरात येऊन काकांचा हात हातात घ्यायचा. "घरच्यांनासुद्धा कळलं नाही हो!"

असा हा माणूस पुढे एका बगळ्यापायी तोंडघशी पडला, त्याची ही गोष्ट.

काकांना पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. पाणीपुरवठ्याच्या केंद्रामागे एक मोठा तलाव आहे. तिथे बाहेरच्या माणसाला जायची मुभा नाही, पण तिथल्या पहारेकऱ्याची कवळी काकांनी केली होती. त्या भांडवलावर त्यांना रविवारी सकाळी पंपाच्या खोलीजवळच्या चौथऱ्यापर्यंत जायला मिळे. चौथऱ्याच्या पुढे एक पाऊल नाही. पहारेकरी दातांना जागणारा असला तरी नोकरीलाही जागणारा होता. सत्तावीस वर्षं काका त्याच चौथऱ्यावर बसले. एका लग्नसमारंभाच्या फोटोवाल्याकडून घेतलेला जुना कॅमेरा, छत्तीस फोटोंचा रोल, तो पुरवून पुरवून दोन-तीन महिने वापरायचा. फोटो धुऊन आले की मागे पेन्सिलीने तारीख घालायची, कारण तळघरात प्रत्येक साच्यावर तारीख घालायची सवय. आणि मग दातांच्याच रिकाम्या खोक्यांत ठेवून द्यायचे. त्यामुळे त्यांच्या कपाटात 'वरचे पुढचे सहा' या खोक्यात खंड्या आणि 'खालच्या दाढा' या खोक्यात बगळे, अशी सगळी व्यवस्था होती.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. पट्टी सुटल्यावर आठवडाभर ते घरात नवीन जावयासारखे हिंडत होते. "अगं, हा पडदा निळा आहे?" काकू म्हणाल्या, "अकरा वर्षं निळाच आहे." मग त्यांनी कौतुकाने खोकी काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. खंड्या मळकट. पाणी तांबूस. पांढरे बगळे चहात बुडवून काढल्यासारखे.

त्यांची मुलगी मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढते. दोन गल्ल्या सोडून राहते आणि रोज संध्याकाळी चक्कर टाकते. तिने फोटो उजेडात धरून पाहिले.

"बाबा, डोळे झाले तरणे, पण फोटो म्हातारे झालेत. जुन्या कागदावरचा रंग असाच उडतो. आधी निळा जातो, मग उरतो नुसता लाल."

"मग आता?"

"आता काय, मोबाइलमध्ये घेऊ आणि थोडे सुधारू."

तिने फोटो स्कॅन करून दिले, मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं, कुठल्या खुणेने उजेड वाढतो, कुठल्याने रंग सावरतो ते दाखवलं आणि ड्यूटीवर गेली. तिने दाखवलेल्या बारीक बारीक पट्ट्यांच्या खाली तयार फिल्टरांची एक रांग होती, ती दाखवायची मात्र राहिली. ती काकांना स्वतःची स्वतः सापडली. 'उबदार', 'नाट्यमय', 'सोनेरी सांज'. एकदा बोट लावलं की झालं.

मग काय विचारता! ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना पांढरे दात नाकारले, त्याने पंधरा दिवसांत तलावाचं रंगाचं दुकान करून टाकलं. खंड्या असा निळा की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. टिबुकलीच्या पिल्लाभोवती सोन्याचं वलय. ढगाळ सकाळी काढलेल्या पाणकावळ्यामागे भडक सूर्यास्त. रोज सकाळी सातच्या ठोक्याला आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक पक्षी येऊन पडायचा आणि खाली आमचे अंगठे.

काकूंनी मात्र चष्मा वर करून एकदाच पाहिलं. "हा धोबी पक्षी ना? याने स्वतःलाच रंगात बुचकळून काढलेलं दिसतंय."

"तुला कलेतलं काय कळतं?"

"कलेतलं नाही, पण रंग गेलेलं कापड नि रंग लागलेलं कापड यातला फरक कळतो." काकू शिवणकाम करतात, त्यामुळे काकांनी मोबाइल घेऊन दुसरी खोली गाठली.

त्याच सुमारास गावच्या वाचनालयाने आपल्या लांब व्हरांड्यात फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आमच्या ग्रुपवरून कुणीतरी काकांचे फोटो तिकडे पोचवले आणि बारा फोटो निवडले गेले. त्यातला सातवा होता बगळ्याचा. एका पायावर उभा, मान वळवलेली, आणि ती मान भाजलेल्या विटेसारखी लाल.

प्रदर्शनाला पक्षिमित्र मंडळाचे लोक आले. सातव्या फोटोपुढे आधी एक थांबला, मग चार, मग सगळे. "अहो, हा जांभळा बगळा! नाव जांभळा, पण मान अशी विटकरीच असते. आपल्या तलावावर आजपर्यंत कुणी पाहिलेला नाही. तुम्ही कधी टिपलात?"

काकांनी तारीख सांगितली. एकोणीस वर्षांपूर्वीची.

संध्याकाळपर्यंत फोटोखाली चिठ्ठी लागली, 'या तलावावरची पहिली नोंद'. दोन दिवसांनी गावच्या छोट्या वर्तमानपत्रात बगळा आणि शेजारी काका, दोघेही मान वळवून. किराणावाल्याने हात जोडले. मी स्वतः त्यांना जिन्यात थांबवून शाबासकी दिली आहे, हे कबूल करतो. पाणीपुरवठा खातं तलावाच्या फाटकावर माहितीचा मोठा फलक लावणार होतं, त्यावर हाच फोटो घ्यायचं घाटत होतं.

आणि काका खोटं बोलत नव्हते, ही त्यातली गंमत. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी तो लाल मानेचा बगळा पाहिला. विचारणारे वाढले तशी गोष्टही वाढली. आधी बगळा नुसता आला. मग लव्हाळी हलली आणि आला. चौथ्या दिवशी त्याच्या मानेवर ऊन पडून ती निखाऱ्यासारखी पेटली आणि काकांचा श्वास अडकला.

ही निखाऱ्याची गोष्ट ते आमच्याकडे चहा घेत सांगत होते. काकू माझ्या बायकोच्या ब्लाउजचं माप घेत होत्या. तोंडात टाचण्या धरूनच त्या म्हणाल्या, "कुठल्या उन्हाची गोष्ट चाललीये?"

"त्या दिवशीच्या."

काकूंनी टाचण्या काढल्या. "तो दिवस मला पक्का ठाऊक आहे. पोरीच्या दहावीच्या परीक्षेच्या आधीचा रविवार. तुम्ही तासाभरात परत आलात आणि म्हणालात, धुकं आहे, उन्हाचा पत्ता नाही, एक फोटो काढला तोही वाया. मी म्हटलं बरं झालं, आता पोरीची उजळणी घ्या."

कपातला चहा तसाच राहिला. काका उठून वर गेले. थोड्या वेळाने मी गेलो, तर ते खिडकीशी 'खालच्या दाढा' खोकं मांडीवर घेऊन बसले होते. हातात मूळ फोटो. जुना, तांबूस पडलेला, पण मान बघायला कुणी तज्ज्ञ नको होता. राखी. साधा, रोजचा, प्रत्येक डबक्यावर दिसतो तो राखी बगळा. कागदाने आधी थोडी लाली आणली होती, 'सोनेरी सांज'ने उरलेली पुरवली होती, आणि बाकीचं काम काकांच्या तोंडाने केलं होतं.

"मला वाटलं, मी पाहिला," ते म्हणाले. "अरे, मला अजूनही तो दिसतोय."

मुलगी संध्याकाळी आली. सगळं ऐकून ती हसली नाही, हे तिचे मोठे उपकार. एवढंच म्हणाली, "बाबा, कवळी करताना असं केलं असतंत?"

काकूंनी निकाल दिला. "उद्या सकाळी जाऊन सांगून या. उशीर केलात तर बगळा फलकावर चढेल आणि मग शिडी लावून उतरवावा लागेल."

तलावावरच्या पक्ष्यांची नोंदवही एका बाईंकडे असते. हवामानखात्यात तीस वर्षं पाऊस मोजून निवृत्त झालेल्या. बोलणंही तसंच, मोजून-मापून. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतभर वह्या. काकांनी मला सोबत नेलं होतं. म्हणाले, दातदुखीच्या पेशंटबरोबर कुणीतरी लागतंच.

काकांनी दारातच सगळं ओकून टाकलं. फिल्टर, धुकं, काकू, दहावीची परीक्षा, सगळं. मूळ फोटो टेबलावर ठेवला आणि गुन्हेगारासारखे उभे राहिले.

बाईंनी वही काढली, पान उलटलं. 'जांभळा बगळा, एक' ही ओळ होती खरी. पण शेजारच्या सगळ्या ओळी शाईच्या आणि ही पेन्सिलीची.

"मला शंका होतीच," त्या म्हणाल्या. "मान लाल असते हे ठीक. पण पंपाच्या खोलीची भिंतही तुमच्या फोटोत गुलाबी होती. भिंत काही दुर्मीळ जातीची नाही." आणि त्यांनी खोडरबर घेऊन ती ओळ पुसली, वर फुंकर मारली.

काकांचा जीव भांड्यात पडला. ते फोटो उचलायला लागले तर बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"थांबा. हे मागे काय आहे?"

"कुठे? तो काळोख? ते बेटावरचं झाड. मध्ये मध्ये येतं मेलं. सत्तावीस वर्षं सगळ्या फोटोंत आलंय. मला चौथऱ्यावरून हलायची परवानगी नव्हती ना."

"सगळ्या फोटोंत?"

"जवळजवळ."

"आणि तारखा?"

"प्रत्येकाच्या मागे."

बाई खुर्चीत बसल्या. इतका वेळ आम्ही कुणीच बसलो नव्हतो. "अहो, त्या झाडावर पाणकावळ्यांची वसाहत असते. घरटी करतात ते तिथे. मी मोजायला लागून फक्त सहा वर्षं झाली. त्याआधीचं कुणाकडे काहीच नाही. तुमचे पक्षी," त्यांनी जरा शब्द शोधला, "बरे आहेत. पण तुमचं मागचं झाड मला हवंय."

परतताना काका म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी पक्षी टिपले आणि बाईला आवडलं काय, तर झाड!" पण चालीत उडी होती.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. फिल्टरांची रांग मुलीने अ‍ॅपमधून लपवूनच टाकली. आता फक्त दोन गोष्टी करायच्या, कागदाची लाली काढायची आणि सावलीतला काळोख थोडा वर उचलायचा. पण लाली किती काढायची? अंदाजाने काढली तर पुन्हा तेच. इथे काकांमधला जुना कारागीर जागा झाला. त्यांनी कपाटातून दातांच्या छटांची पट्टी काढली आणि तलावावर जाऊन पंपाच्या खोलीच्या भिंतीला लावून पाहिली. ती भिंत कधी रंगवलेलीच नव्हती, नुसता सिमेंटचा गिलावा. जुन्या पहारेकऱ्याच्या जागी आता त्याची पुतणी आहे. भिंतीचे दात बघणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला असणार. दातांत राखाडी छटा फार नसतात, तरी एक जवळची निघाली. मग प्रत्येक फोटोत आधी ती भिंत त्या छटेवर आणायची, आणि भिंत जमली की बाकीचं पाणी, आकाश, पक्षी आपोआप जागेवर यायचे. खंड्याचा निळा परत आला, पण आता तो बघवत होता.

काळोख उचलणं मुलीने शिकवलं. "एक्स-रेमध्ये आम्ही हेच करतो. जे आहे ते दिसेल इतकंच. कडा फार धारदार केल्यात की पानांचा झुबकाही घरटं दिसायला लागेल." बाईंनी आपली अट घातली होती. मूळ फोटो शेजारी हवा, आणि काय काय केलं ते लिहून हवं. काका लिहायचे, 'लाली कमी, सावली थोडी वर, बाकी हात लावलेला नाही'. हे शेवटचं वाक्य ते जरा ठसठशीत अक्षरात लिहीत.

मोजणीचं काम मात्र काकूंनी हिसकावून घेतलं. काका एका फोटोत सव्वीस घरटी म्हणाले, मुलगी एकोणतीस. काकूंनी मोबाइल ओढला, शिलाईचे टाके मोजावेत तशी बोटांची टोकं फांदीवरून फिरवली आणि म्हणाल्या, "एकतीस. दोन एकमेकांना चिकटून आहेत, तुम्ही त्यांना एक धरताय." बाईंनी स्वतः येऊन तपासलं. एकतीसच. तेव्हापासून बाई आणि काकू यांची अशी काही गट्टी जमली की काकांना चहा करून द्यायला वेगळं माणूस ठेवावं लागतंय की काय, असं त्यांना वाटू लागलं. शेवटी चहा ते स्वतःच करायला शिकले.

दोन-अडीच महिन्यांनी तक्ता तयार झाला. घरटी पहिल्या वर्षी अकरा, मग वाढत वाढत चाळीसच्या पुढे. आणि मध्येच एका वर्षी शून्य. झाड तेच, महिना तोच, फांद्या रिकाम्या.

"फोटो चुकला असेल," काका म्हणाले.

बाई म्हणाल्या, "त्याच्या आधीचा फोटो दाखवा."

आधीचा फोटो दोन आठवड्यांपूर्वीचा, एका शेकाट्याचा. लांब गुलाबी पायांचा हा पक्षी काकांनी छान टिपला होता, पण आता त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. कोपऱ्यातला काळोख उचलल्यावर झाडाखाली एक चौकोनी धूड दिसायला लागलं. मुलीने आणखी थोडं वर नेलं. गाळ काढायची यंत्राची बोट. थेट झाडाला खेटून.

"म्हणजे ऐन विणीच्या दिवसांत तलाव साफ केला," बाई हळूच म्हणाल्या. "पाखरं उठून गेली."

पुढची सगळी खोकी त्या नजरेने पाहिली. बोट आणखी दोन वर्षी सापडली आणि त्या दोन्ही वर्षी घरटी निम्म्यावर आलेली. बाईंनी फोटो आणि तक्ता घेऊन पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरची भेट घेतली. काकांनाही नेलं. इंजिनिअर तरुण होता, घाईत होता. त्याने मूळ फोटो पाहिले, सुधारलेले पाहिले, काकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचल्या.

"यात बोट नंतर घातलेली नाही ना?" त्याने विचारलं. "हल्ली मोबाइलमध्ये काय वाट्टेल ते करतात."

काकांचे कान लाल झाले. ते सावकाश म्हणाले, "करतात. मीही केलं होतं, वर्तमानपत्रात छापून आलंय. म्हणूनच या वेळी मूळ फोटो बरोबर आणलेत. मागे तारीख आहे, पेन्सिलीची. तुमच्या खात्याच्या वहीत गाळ काढल्याची तारीख असेल, ताडून बघा."

इंजिनिअरने कपाटातून जाड वही मागवली. तारखा जुळल्या. तिन्ही. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि मग त्याची घाई संपली. त्या वर्षापासून गाळ काढायचं काम चार महिने पुढे गेलं, पिल्लं उडून गेल्यावर. कागदावर तसा हुकूम निघाला. काकांनी त्याची प्रत मागून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली.

वाचनालयाला दुरुस्तीची चिठ्ठी काकांनी स्वतः लिहून दिली, वर्तमानपत्रालाही. वर्तमानपत्राने ती छापली चौथ्या पानावर, तळाला, बोटभर. किराणावाला अजून त्यांना लाल बगळ्यावरून छेडतो. काका आता हसतात. सुरुवातीला महिनाभर मात्र ते दुसऱ्या दुकानात जात होते.

गेल्या मोसमात बाईंनी त्यांना प्रत्यक्ष मोजणीला बोलावलं. चौथऱ्याच्या पुढे, थेट पाण्याच्या काठावर, परवानगीचा कागद खिशात. काकू, मुलगी, मी, सगळेच गेलो. झाड पाणकावळ्यांनी भरलेलं. पंख वाळत घालून बसलेले, घरट्यांत पिल्लांची कलकल. काकांनी कॅमेरा आणला होता, पण तो गळ्यातच राहिला. दुर्बीण एकच, ती हातोहात फिरत होती.

"बावन्न," काका म्हणाले.

"त्रेपन्न," काकू म्हणाल्या.

"कुठंय त्रेपन्नावं?"

"त्या उजव्या फांदीच्या बेचक्यात."

"अगं, ती अडकलेली पिशवी आहे!"

"पिशवीला चोच असते होय?"

बाईंनी दुर्बीण घेतली. बराच वेळ बघितलं. वाऱ्याने फांदी हलली, पिशवी किंवा चोच जे काही होतं ते पानांआड गेलं. बाईंनी वही उघडली, शाईने बावन्न लिहिलं, आणि शेजारी पेन्सिलीने एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढून काकूंना दाखवलं.

"चालेल," काकू म्हणाल्या. "पण पुढच्या रविवारी आपण दोघीच येऊ."